सत्ताविसावं झाड

आमच्या भाजे गावात एके काळी अशी कुजबुज होती की रखमाजीनं म्हातारपणी तिकोणा पेठेत एक बाई ठेवलीय.

कुजबुजीला पुरावे होते, अगदीच वाऱ्यावरची गोष्ट नव्हती. आंब्याचे दिवस आले की हा साठी उलटलेला गडी एका सकाळी गुळगुळीत दाढी करायचा, इस्त्रीचा सदरा घालायचा आणि कामशेतला जाऊन पवनानगरची जीप धरायचा. एरवी या माणसाच्या सदऱ्याला लाकडाच्या भुश्याशिवाय दुसरं काही लागलेलं गावानं पाहिलेलं नाही. संध्याकाळी परतायचा तेव्हा गालातल्या गालात हसू. त्याच्या आधी घडलेली गोष्ट तर आणखी वाईट. बायको सरुबाई जाऊन दोन वर्षं होतात न होतात तोच, तिनं स्वतःच्या हातानं परड्यात लावलेला साखऱ्या आंबा यानं बुंध्यापासून तोडला. आता बायकोचं झाड तोडून आलेला पैसा माणूस कुणावर घालील? शालूबाईनं सांधा जुळवून दिला आणि गावाला तो पटला.

शालूबाई म्हणजे रखमाजीची शेजारीण. दोघांच्या घरांची भिंत एकच. तिचे कान भिंतीच्या या बाजूला कमी आणि त्या बाजूला जास्त असतात. पण तिलाच कशाला नावं ठेवू? मळवली स्टेशनाबाहेरच्या टपरीवर ही बातमी मी स्वतः निदान चौघांना सांगितलीय, आणि चौथ्याला सांगताना त्या बाईच्या नाकात एक नथही घातली. नुसती बाई म्हटलं की ऐकणाऱ्याला पुरत नाही.

रखमाजीचा धंदा झाडांचा. शेताच्या बांधावर, घराच्या परड्यात उभं असलेलं झाड मालकाकडून घ्यायचं, सरकारी परवानगी काढायची, तोडायचं आणि ओंडके वखारीला पोचवायचे. बाप हेच करत होता. टेप लावणं त्याला कमीपणाचं वाटतं. झाडाला कवेत धरतो, गाल सालीला टेकवतो, डोळे मिटतो आणि सांगतो, "पावणेदोन कवळ. आत पोकळ हाय, डाव्या अंगाला." तोडल्यावर ते डाव्या अंगालाच पोकळ निघतं. सरुबाई जिवंत होती तेव्हा म्हणायची, "मला येवड्या येळा धरलं असतं तर चार पोरं झाली असती." पोर एकही झालं नाही, हे तीच हसत सांगायची म्हणून मीही सांगतो.

आमच्या मावळात रायवळ आंब्याच्या प्रत्येक झाडाला नाव असतं, ते तुम्हाला ठाऊक असेलच. ज्याचा आंबा खोबऱ्यासारखा लागतो तो खोबऱ्या, शेपूचा वास येतो तो शेपू, गोल असतो तो लाडू. माणसांची नावं रखमाजी विसरतो. मला तो अजून कधी कधी "शेपूवाल्याचा धाकटा" म्हणतो. मी सत्तर पार केलीत आणि शेपू जाऊनही तीस वर्षं झाली. पण झाडाचं नाव, त्याची जागा, ते कोणत्या साली कोणत्या वारी पडलं, हे त्याच्या डोक्यात पक्कं.

बापाकडून त्याला एक रीतही आली. झाड तोडण्याआधी त्या घरच्या बाईनं तांब्याभर पाणी मुळाशी घालायचं आणि झाडाला म्हणायचं, "सुखानं जा." पुरुषानं म्हटलेलं चालत नाही. कारण विचारलं तर म्हणतो, "बाप्ये विकत्यात. पानी बायांनी घातल्यालं आसतंय." बाई हे बोलल्याशिवाय रखमाजी करवतीला हात लावत नाही. बहुतेक बाया पटकन बोलून मोकळ्या होतात, चुलीवर दूध असतं.

गेली आठ-दहा वर्षं त्याचं सगळं आंब्याचं लाकूड सुदुंबऱ्याला रेणुकाच्या कारखान्यात जातं. कारखाना म्हणजे पत्र्याची मोठी शेड. रेणुका मूळची तळेगावची. वडील रेल्वेत, घरात शिक्षणाचा आग्रह. इंजिनियर होऊन चांगली नोकरी करत होती, ती सोडून हिनं लाकडाचे वाडगे आणि थाळ्या करायला घेतल्या. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, त्याखाली मशिनं, आणि पलीकडे अकरा बाया दिवसभर पॉलिश पेपरनं वाडगे घासत बसलेल्या. सुदुंबऱ्याच्या, इंदुरीच्या, दोघी तर थेट नवलाख उंबऱ्याच्या. मोठ्या कंपन्यांनी जिथं कंत्राटाची माणसं सहा महिन्यांत बदलली, तिथं या अकराजणी सात वर्षं टिकून होत्या. वर्षाचा निम्म्याहून जास्त माल एकाच गिऱ्हाइकाला जायचा, जर्मनीत.

आणि गेल्या साली त्या गिऱ्हाइकाचं पत्र आलं.

युरोपात एक कायदा झालाय. जंगल तोडून केलेली वस्तू तिकडं उतरवायची नाही. लाकूड आलं, कॉफी आली, रबर, कातडं, चॉकलेटचा कोको, सगळं आलं. दोन हजार वीस साल संपल्यानंतर ज्या जागेवरचं जंगल गेलं, तिथला माल बंद. मग आपला माल तसला नाही हे दाखवायचं कसं? तर जिथून लाकूड आलं ती जमीन नकाशावर बिंदू ठेवून दाखवायची. बिंदूही असातसा नाही, दशांशानंतर सहा आकडे. कायद्याची तारीख तिकडच्यांनी दोनदा पुढं ढकलली, पण गिऱ्हाईक पडलं जर्मन. त्याला तयारी आधी लागते. गोदामात पडलेल्या लाकडातल्या प्रत्येक झाडाचा बिंदू त्यानं मागितला. आणि एका जरी झाडाचा पत्ता लागला नाही तर पूर्ण माल परत, कारण कोणता वाडगा कोणत्या झाडाचा हे मग सांगता येत नाही.

कायदा चांगलाच म्हणायचा. फक्त आमच्याकडचे डोंगर सोलून त्यावर पोहायच्या तळ्यासकट बंगले झाले, तेव्हा कुणी कुणाला एकसुद्धा बिंदू मागितला नाही, एवढं आपलं मनात येतं. असो.

गोदामात चाळीस झाडांचं लाकूड होतं. जाड फळ्या दोन दोन, तीन तीन वर्षं रचून सुकवलेल्या. चाळीसही झाडं रखमाजीनं आणलेली. रेणुकानं यादी काढली आणि त्याला म्हणाली, "भाऊ, आता प्रत्येक झाड जिथं होतं तिथं मला न्यायचं. मी फोनवर बिंदू घेते."

"नेतो की. त्येला काय हुतंय."

रेणुकाच्या स्कूटरवर मागं बसून रखमाजी निघाला. आता इथं जी चूक झाली ती आमच्या मावळातच होऊ जाणे. रखमाजी कुणाच्या बांधावर आधी मालकाच्या घरी गेल्याशिवाय पाय ठेवत नाही. घरी जायचं, पाणी प्यायचं, चहा घ्यायचा, म्हशीची चौकशी करायची. ते झालं की म्हणायचा, "हां, रेणुका, दाब. साकरबाईचा काळ्या हितलाच."

"इथलाच? झाड कुठं होतं?"

"आगं झाड या घरचं. मग ठिकाण कंचं? घरच की."

रेणुका शहरात वाढलेली. तिला वाटलं, मालकाचा पत्ता म्हणजेच ठिकाण असणार, शेवटी टपाल तिथंच येतं. तिनं बटण दाबलं. अशी चाळीस बटणं दाबून झाली, रखमाजीच्या पोटात चाळीस चहा गेले, आणि यादी जर्मनीला पोचली.

पाच दिवसांत उत्तर. तिकडं कागद तपासणारा जो कुणी होता त्याला विनोदाचं अंग असावं. त्यानं लिहिलं होतं की आम्ही उपग्रहाची चित्रं पाहिली. तुमची एकतीस झाडं घरांच्या छपरांवर वाढलेली दिसतात, पाच गोठ्यांवर, तीन रस्त्यात, आणि एक मारुतीच्या देवळात. कृपया पुन्हा पाहावे.

घासणाऱ्या बाया आठ दिवस हसत होत्या. रेणुका हसली नाही. तिनं रखमाजीला बोलावलं.

"भाऊ, चहा बंद."

"मान्सं काय म्हंतील?"

"माणसं काही म्हणू देत. वरून कॅमेरा बघतोय. त्याला झाडाचा बुंधा हवाय, मालकाचा चहा नको."

मग मात्र रखमाजीनं तिला खरोखर बांधाबांधानं फिरवलं, आणि रेणुकानं तेव्हा पहिल्यांदा पाहिलं की हा माणूस काय चीज आहे. उसाच्या फडात शिरून सरळ बारा पावलं चालायचा, खाली वाकून पाचट बाजूला करायचा, की तिथं बुंधा. एका ठिकाणी तर नवा बंगला उभा राहिला होता. वॉचमन आत सोडेना. रखमाजी त्याला म्हणाला, "तुज्या सायबाच्या पोहायच्या तळ्याखाली लाडू हाय." वॉचमननं आधी मिठाईचा विचार केला असावा, कारण त्यानं दार उघडलं. तळ्याच्या काठाशी उभं राहून दोघांनी बिंदू घेतला. मालक आत आरामखुर्चीत बसून बघत होता, त्याला वाटलं नगरपालिकेची माणसं आलीत. त्यानं सरबत पाठवलं.

एकोणचाळीस झाडं अशी झाली. राहिलं यादीतलं सत्ताविसावं. आक्काबाईचा खोबऱ्या, तिकोणा पेठ. पहिल्या फेरीत त्याचं बटण रखमाजीनं पेठेतल्या मारुतीच्या देवळापाशीच दाबायला लावलं होतं.

पेठेत शिरताच रखमाजीनं स्कूटर थांबवायला लावली. "तू हितंच थांब, रेणुका. फोन दे माज्याकडं. मी दाबून आनतो."

"मी येते ना."

"नगं. तितं कुत्रं हाय."

अर्ध्या तासानं तो परत आला. तोंड कसंनुसं झालेलं. बिंदू मात्र नीट होता, सहा आकड्यांचा. रेणुकानं तो यादीत घातला आणि यादी पुन्हा पाठवली.

यावेळी उत्तराला पंधरा दिवस लागले, आणि विनोद नव्हता. एकोणचाळीस झाडं मान्य. बांधावरची, परड्यातली, जंगलाशी संबंध नाही, परवानग्या बरोबर. पण सत्ताविसावं झाड, जे तुमच्या कागदानुसार तीन वर्षांपूर्वी तोडलं, ते मागच्या महिन्याच्या चित्रात त्याच जागी पानांसकट उभं आहे. झाड उभं आहे, तर त्याच्या नावावर आलेलं लाकूड कोणत्या जागेवरचं? चौदा दिवसांत कळवावं. न कळवल्यास माल घेता येणार नाही.

आता बघा मजा. जंगल तोडणाऱ्याला धरायचा कायदा, आणि त्यात सापडला तो झाड न तोडणारा. मला ही गोष्ट कळली तेव्हा मी चहा सांडला. पण रेणुकाच्या जागी बसून पाहिलं तर हसण्यासारखं त्यात काही नव्हतं. तिकोण्याच्या खाली वनखात्याचं रान लागूनच आहे. कागदावर आक्काबाईचं झाड आणि गाडीत रानातलं लाकूड, असं करणारी माणसं या धंद्यात आहेत. परका माणूस दुसरं काय समजणार? आणि माल गेला नाही तर अकराजणींतल्या सहाजणींना तरी पुढच्या महिन्यापासून घरी बसावं लागणार होतं. रेणुकानं हे त्यांना सांगितलंही. त्यांच्यापासून काही लपवायची तिची पद्धत नाही. त्या दिवशी शेडमध्ये फक्त पेपर घासल्याचा आवाज होता.

दुसऱ्या दिवशी सकाळीच रेणुका भाज्याला रखमाजीच्या दारात. तो ओट्यावर करवतीला धार लावत बसला होता. तिनं पत्र वाचून दाखवलं, मराठीत, सावकाश.

रखमाजी कानस चालवत राहिला.

"भाऊ, सत्ताविसाव्या झाडाचं लाकूड कुठलं?"

"आंब्याचं."

"ते मलाही दिसतंय. कुठल्या आंब्याचं?"

"चांगल्या आंब्याचं. फळीला एक गाठ न्हाई."

"भाऊ, मला थट्टा सुचत नाहीय. आक्काबाईंच्या झाडाचे पैसे मी त्यांच्या मुलाला दिले. परवानगी त्यांच्या नावाची. झाड उभं आहे. मग तुम्ही काय आणलंत?"

कानस थांबली. "मी सांगनार न्हाई."

मग जे विचारायला रेणुका आली होती ते तिनं विचारलं. "रानातलं तोडलंत का?"

मी रखमाजीला पन्नास वर्षं ओळखतो. त्याला कुणी चोर म्हटलेलं मी कधी ऐकलं नाही. बाईवरून आम्ही त्याला हवं ते म्हटलं, पण चोर नाही. त्यानं करवत खाली ठेवली.

आणि त्याच क्षणी शेजारच्या दारातून शालूबाई बाहेर पडली. किती वेळ दाराआड उभी होती ते देवाला माहीत.

"काय गं ए पोरी! रखमाजी भावजीला रानचोर म्हंतीस व्हय? रानातलं कशाला आनील त्यो? घरातलंच तोडलंय न्हवं! सरूचा साखऱ्या गेलाय तुज्या कारखान्यात!"

"शाले, गप."

"का गप? मीच पानी घातलंय त्येला! घरात बाईमानूस न्हाई म्हून मला बोलावलं. म्हनला, 'शालू, येवडं बोल, सरू आसती तर तिनं बोललं आसतं.' आन मी बोलले. 'सुखानं जा' म्हनले आन घरात यून रडले. तवापास्नं ह्यो तिकोण्याला मिरवतोय, आन मी काई बोलायचं न्हाई?"

म्हणजे शालूबाईला निम्मं ठाऊक होतं, आणि उरलेलं निम्मं तिनं स्वतः शिवलं होतं. पण तिनं आणखीही एक सांगितलं. "त्येचा सरकारी कागद बी हाय. घड्याळामागं खोचलाय. म्यां फडकं मारताना बघितलाय." शेजाऱ्याच्या घड्याळामागं ही बाई फडकं का मारत होती, ते त्या दिवशी कुणी विचारलं नाही.

रेणुका आत गेली. घड्याळामागं प्लास्टिकच्या पिशवीत कागद होता. रखमाजीच्या नावाचा, एक आंबा, मौजे भाजे, परवानगीसह तोडलेला. तारीख सत्ताविसाव्या झाडाचं लाकूड कारखान्यात आलं त्याच आठवड्याची. परड्यात बुंधाही होता, त्यावर रखमाजीनं तुळशीची कुंडी ठेवलेली.

"भाऊ, एवढंच होतं तर बोलला का नाहीत? मी आत्ता बिंदू घेते, आत्ता पाठवते."

"थांब," रखमाजी म्हणाला. "ह्यो बिंदू धाडलास तर खोबऱ्या उभा हाय ह्ये कागदावर येतंय. मी तोडनार म्हून आक्काबाईचं पोरगं, सत्यम, वाट बघत थांबलंय, त्येला ह्ये कळलं तर दुसऱ्याकडनं तोडून घिईल. आज तिला इचारल्याबिगार म्यां काय सांगनार न्हाई. सहा बायांचं काम हाय म्हंतीस, तर चल तिच्याकडं. आत्ताच चल."

हे दोघं स्कूटरवर निघाले. शालूबाई मागून जीपनं गेली, आणि मी तिच्याबरोबर. एवढी मोठी बातमी जिथं जन्माला येणार तिथं माणसानं असू नये तर कुठं असावं?

आक्काबाईचं घर पेठेच्या टोकाला. खाली पवनेचं पाणी, वर गड. अंगण ओलांडलं की तो खोबऱ्या, तीन कवळ तरी असेल, आणि पाडाला आलेला. त्याच्या पलीकडे सत्यमचे तंबू, निळे आणि नारिंगी, शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईची मंडळी येऊन राहतात ते. आक्काबाई साठीची असेल. ठेंगणी, काळीसावळी, पाठीत थोडी वाकलेली. नाकात नथ नव्हती.

रखमाजीला त्या गर्दीसकट बघून ती म्हणाली, "भाऊ, औंदा वऱ्हाड घिऊन आलासा?"

मग रखमाजीनं तिला सगळं सांगितलं. जर्मनी, उपग्रह, सहा बाया. ती नुसती मान हलवत होती. जर्मनीवर नाही हलवली, सहा बायांवर हलवली.

सत्यम आला. तिशीचा, वाईट पोरगा नाही, पाच तंबूंचे सात करायचे त्याच्या डोक्यात. त्याला झाडाच्या जागेवर दोन तंबू दिसत होते. गोष्ट त्याच्या ध्यानात आली तसा तो भडकला.

"म्हणजे आबा, तुमी तीन वर्षं मला बनवलं! पहिल्या साली म्हनला मशीन बिघडलंय. दुसऱ्या साली म्हनला मजूर न्हाई."

"तिसऱ्या साली म्हनलो मशीन पुन्यांदा बिघडलंय," रखमाजी खाली बघत म्हणाला.

"पैसे कुणी दिले? या ताईंनी. झाड कुणाचं? मग तोडून न्या ना! का ठेवलंय?"

"तुज्या आईनं म्हनलं न्हाई म्हून ठिवलंय."

सत्यम आईकडं वळला. "आई, तू काय म्हणायची होतीस?"

आक्काबाई सांगू लागली, ते त्याला नाही, रेणुकाला. "हे भाऊ पयल्यांदा आलं तवा करवत घिऊन आलं. म्यां तांब्या भरला. पानी घातलं. आन मंग पुढलं त्वांडातनं निघंना. सासूनं मला हितं आनली तवा म्यां नऊ वर्साची. माहेरची आठवन आली की त्या झाडामागं जाऊन रडायची. कसं म्हनू जा? ह्ये दुपारपावतर बसलं. भाकरी खाल्ली. म्हनलं, 'बरं आक्काबाई, उद्या यितो.' दुसऱ्या दिशी बी तसंच. तिसऱ्या दिशी म्हनलं, 'औंदा राहू द्या.' आन गेलं."

"आणि त्यांनी स्वतःच्या घरचं झाड तोडून दिलं," रेणुका म्हणाली.

आक्काबाईनं रखमाजीकडं पाहिलं. हे तिला ठाऊक नव्हतं. "कंचं झाड?"

रखमाजी वाकून पायातली चप्पल सारखी करू लागला. शालूबाई बोलली, पण तिचाही आवाज खाली आला होता. "त्येच्या बायकोनं लावल्यालं. साखऱ्या."

झाडावरच पिकलेला एक पाड पडला, धप्पकन, आणि कुत्रं भुंकलं. कुत्रं खरंच होतं.

रेणुकानं मग हातातली फाइल उघडली. तिचं डोकं अशा वेळी चालतं. "सत्यम, हे बघ. तुला दिलेले पैसे परत मागत नाही, मला लाकूड मिळालंय. ते रखमाजीभाऊंच्या झाडाचं. म्हणजे त्यांच्या झाडाच्या बदल्यात हे झाड त्यांचं. आणि तोडायचं म्हटलं तर या झाडाच्या परवानगीची मुदत कधीच संपलीय. नवीन काढावी लागेल, त्याला सातबाऱ्यावरच्या मालकाची सही लागते. सातबारा कुणाच्या नावावर आहे?"

"आईच्या," सत्यम म्हणाला. थोडा वेळ झाडाकडं बघत राहिला. "तंबू मग वरच्या अंगाला टाकतो," तो पुटपुटला आणि निघून गेला. जाताना पडलेला पाड उचलून त्यानं आईच्या ओट्यावर ठेवला.

आक्काबाई आत जाऊन तांब्या भरून घेऊन आली. मला वाटलं, ही आता भीड पडून बोलते की काय. ती झाडाशी गेली, तांब्या मुळाशी रिकामा केला, आणि तशीच उभी राहिली. रखमाजी हात मागं बांधून, मान वाकवून ऐकत होता. चांगला मोठा वेळ गेला.

"औंदा बी न्हाई व्हत भाऊ," ती म्हणाली.

"ऱ्हाऊ द्या," रखमाजी म्हणाला. "यितो फुडल्या सालाला."

मग तिनं आढीतले आंबे काढले आणि आम्ही सगळे अंगणात बसून कोपरापर्यंत रस गाळत ते खाल्ले. शालूबाईनं सात खाल्ले. मी मोजले.

रेणुकानं त्याच दुपारी भाज्याला येऊन परड्यातल्या बुंध्याचा बिंदू घेतला. सत्ताविसाव्या ओळीत आक्काबाईचं नाव खोडून रखमाजीचं घातलं, घड्याळामागचा कागद जोडला, आणि चूक कशी झाली ते लिहिताना तिला दोन तास लागले, कारण पाण्याच्या तांब्याचं इंग्रजी तिला जमेना. शेवटी तिनं सरळ लिहिलं की मालकीणबाईंनी संमती दिली नाही म्हणून झाड तोडलं नाही, त्याऐवजी आणणाऱ्यानं स्वतःचं दिलं. तेराव्या दिवशी उत्तर आलं, मान्य. कंटेनर गेला. अकराही बाया आजमितीला वाडगे घासताहेत.

रखमाजी यंदाही गेला होता. दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून. शालूबाईनं त्याच्याबरोबर आक्काबाईसाठी चकल्यांचा डबा पाठवला, आणि तो जीपमध्ये चढतो न चढतो तोच टपरीवर येऊन मला म्हणाली, "काई म्हना, कायतरी हायच." मीही मान हलवली. जुन्या सवयी.

तर खरं काय ते असं. रखमाजीनं तिकोणा पेठेत बाई ठेवलेली नाही. आक्काबाईच्या तोंडून "जा" निघेना, म्हणून तिच्या झाडाच्या जागी त्यानं आपल्या बायकोनं लावलेलं झाड तोडून दिलं. तेव्हापासून तो दर साली एकदा, झाड तोडू का म्हणून विचारायला तिच्याकडं जातो. ती पाणी घालते आणि काही बोलत नाही. तो आंबे खातो आणि घरी येतो.